ॲलर्जीची गोळी निवडताना: सोलापुरातला एक हंगाम

गणपती गेले की सोलापुरात माझ्या नाकाचा हंगाम सुरू होतो. पाऊस उघडलेला असतो आणि विजापूर रोडच्या कडेला, जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटांवर गाजर गवत कमरेएवढं वाढून पांढरं फुललेलं असतं. सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांची चुरचुर, टाळूला आतून खाज. दुपारी जरा बरं आणि रात्री नाक गच्च. ताप नाही, अंगदुखी नाही. तरी घरचे दरवर्षी म्हणणार, "सर्दी झालीय, वाफ घे."

मेडिकलच्या काउंटरवर "ॲलर्जीची गोळी द्या" एवढंच आपल्याला सांगता येतं आणि समोरून येईल ती आपण गिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा ठरवलं की या वेळी हे प्रकरण जरा लावून धरायचं. मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. खाली लिहिलंय ते माझ्या नाकाचं आणि माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सुरुवात घराजवळच्या मेडिकलपासून झाली. "वहिनी, ही घ्या, दोन दिवसांत मोकळं." कात्रीने चार गोळ्या कापून हातात. कापताना नाव आणि मुदत असलेली बाजू दुकानातच राहिली. मी पूर्ण पाकीट मागून घेतलं आणि मागच्या बाजूचा फोटो काढला. ही सवय तुम्हीही लावून घ्या, पुढे प्रत्येक डॉक्टर हेच विचारतो. मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव असतं त्याचा काही उपयोग नाही. खाली मुंगीएवढ्या अक्षरात जे असतं तेच औषध. या गोळीत तीन होती: पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन. ताप नसताना पॅरासिटामॉल कशाला? फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करायला म्हणून घालतात, पण तोंडाने घेतलेल्या गोळीतून ते काम करत नाही, असं औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलंय. शिवाय बीपीवाल्यांनी ते विचारूनच घ्यायचं असतं. ॲलर्जीवर काम करणारं त्यात एकच, क्लोरफेनिरामाइन, आणि ते जुन्या पिढीतलं.

जुन्या पिढीतलं म्हणजे काय, ते दुपारी तीन वाजता कळलं. २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं आणि स्क्रीनवरचे आकडे तरंगायला लागले. शेजारच्या टेबलावरची सहकारी, पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, म्हणाली, "अक्का, झोपलीस काय? चहा घे की." शिंका थांबल्या होत्या हे खरं. पण तोंडाला कोरड आणि डोकं जड. शरीर ॲलर्जीच्या वेळी हिस्टामाइन सोडतं, त्यामुळे शिंका आणि खाज येते. ॲलर्जीची ही औषधं, म्हणजे अँटिहिस्टामाइन, हिस्टामाइनची जागा अडवतात. पण मेंदूत हेच हिस्टामाइन आपल्याला जागं ठेवतं. क्लोरफेनिरामाइन, आजीच्या डब्यातली एव्हिल, ही जुनी औषधं मेंदूत सहज शिरतात आणि तिथलीही जागा अडवतात. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नवी मंडळी मेंदूत कमी जातात. कमी म्हणजे सगळी सारखीच कमी नाही, आणि माझ्यासाठी सगळा घोळ तिथेच होता.

सप्टेंबर संपता संपता फॅमिली डॉक्टरांकडे गेले. फी २०० रुपये. त्यांनी लिव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट एकत्र असलेली गोळी दिली, रात्री एक. आपल्याकडे ही जोडी इतकी सर्रास मिळते की जवळजवळ प्रत्येक घरात एखादं पाकीट सापडेल. शिंका दोन-तीन दिवसांत निम्म्यावर आल्या. पण रात्री भलतीसलती स्वप्नं पडायला लागली. घामाघूम होऊन उठायचं आणि दिवसभर बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड. आधी वाटलं, नवरात्राची धावपळ आहे. मग पाकिटावरचं दुसरं नाव वाचलं आणि सरळ डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि माँटेलुकास्ट लगेच बंद करायला सांगितलं. या औषधाने काहींना स्वप्नं, चिडचिड, उदासी असे त्रास होतात. मार्च २०२० मध्ये एफडीएने त्यावर सर्वांत कडक इशारा घातला आणि नुसत्या नाकाच्या ॲलर्जीला आधी दुसरी औषधं वापरून बघा म्हटलं. दम्यासाठी ते चालू असेल तर माझं वाचून परस्पर बंद करू नका. फक्त ब्रँडच्या नावापुढे 'एम' किंवा 'एलसी' अशी अक्षरं दिसली की गोळीत काय काय आहे ते विचारा. 'कोल्ड' आणि 'डी' दिसलं तरी तेच, त्यात बहुतेक वेळा नाक मोकळं करणारं काहीतरी घातलेलं असतं.

मग नुसतं सेटिरिझिन, १० मिलिग्रॅम. पाकीट वीसेक रुपयांचं, जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त. शिंकांवर उत्तम. पण मी रात्री घेतलं तरी सकाळी दहापर्यंत डोक्यात धुकं. माझा रस्ता जुळे सोलापूर ते एमआयडीसी, तोही स्कूटीवरून, म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. सिग्नल सुटला तरी मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिल्यावर मला कळायचं. माहितीपत्रकात वाचलं की १० मिलिग्रॅमच्या चाचण्यांत दर १०० जणांत १४ जणांना झापड आली, आणि औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांत ६ जणांना. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. माझ्या नवऱ्याला होत नाही, तो हीच गोळी घेऊन कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर रात्रभर चालत गेला. मी त्या १४ मधली. मग माँटेलुकास्टशिवाय नुसतं लिव्होसेटिरिझिन घेऊन बघू का, असं विचारलं तर डॉक्टर हसले. ते सेटिरिझिनचाच कामाचा अर्धा भाग आहे, म्हणूनच १० च्या जागी ५ मिलिग्रॅम. एकाने झोप येते तर दुसऱ्याने फार फरक पडेल, अशी आशा ठेवू नका.

याच सुमारास मी हिशेबाच्या जुन्या वहीत रकाने आखले: शिंका, पाणी, चोंदणं, डोळे, झापड. प्रत्येकापुढे ० ते ३ असा आकडा आणि शेजारी गोळीचं नाव. पंधरा दिवसांचे रकाने भरल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. गोळी कुठलीही असो, शिंका, पाणी, डोळे खाली येत होते. 'चोंदणं' मात्र २ वरून हलत नव्हतं. मी एकामागून एक गोळी बदलत होते ती या चोंदलेल्या नाकासाठी, आणि ते काम गोळीचं नव्हतंच.

नाक मोकळं करणाऱ्या थेंबांबद्दल एक सांगते, कारण ऑफिसात अर्ध्या लोकांच्या खिशात ती बाटली असते. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन. दोन मिनिटांत नाक उघडतं, जादूच. पण चार-पाच दिवसांच्या पुढे वापरलं तर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि माणूस परत बाटलीकडे वळतो. आमच्या डिस्पॅचमधले एक जण दोन वर्षं त्या बाटलीशिवाय झोपत नव्हते. त्यांचं बघून मी त्या वाटेला गेले नाही.

दिवाळीनंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. इथे थोडं पैशांचं. माझा पगार २१,००० च्या वर गेल्यापासून कामगार विमा बंद झालाय. कंपनीचा मेडिक्लेम ॲडमिट झालं तरच लागू, बाहेरच्या तपासणीला नाही. त्यामुळे सगळं खिशातून. केस पेपरसह ५०० रुपये, आठ दिवसांत परत दाखवलं तर फी नाही. नंबर फोनवर लागतो, पण सकाळी अकराचा नंबर म्हणजे दीड वाजणार हे धरून चाला. सोबत पाण्याची बाटली आणि सगळ्या पाकिटांचे फोटो.

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं. आतला भाग फिकट, निळसर आणि सुजलेला होता. ॲलर्जीत असाच दिसतो, म्हणाले, नुसत्या सर्दीत लालबुंद दिसतो. मग वही बघितली. "ताई, आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ त्रास आहे, झोप बिघडतीय. याला नुसती गोळी पुरत नाही." त्यांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला, फ्लुटिकासोनचा, आणि गोळी बदलून फेक्सोफेनाडिन १२० केली. स्टेरॉइड म्हटल्यावर माझा चेहरा पडला असणार. त्यांनी समजावलं की मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, काम नाकातच होतं, रक्तात फार थोडं जातं. पण पहिल्या दिवशी काही होत नाही म्हणून सोडून देऊ नका, पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात.

स्प्रे मारायची पद्धत त्यांच्या असिस्टंटने माझ्याकडून करून घेतली. आपण सगळे डोकं मागे टाकतो आणि जोरात ओढतो. मग औषध घशात जातं आणि कडू लागतं. खरं म्हणजे आधी नाक शिंकरायचं, बाटली हलवायची, नवी असेल तर हवेत दोन-चारदा दाबायची. डोकं किंचित पुढे झुकवायचं. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेर, त्या बाजूच्या कानाच्या दिशेने. दाबायचं, हळू श्वास घ्यायचा, हुंगायचं नाही. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं. माझ्या नणंदेने याच कारणासाठी स्प्रे सोडून दिला होता. तिला फोनवर हात बदलायला सांगितला, आता ठीक आहे.

बाटली साडेतीनशेच्या आसपास, फेक्सोफेनाडिनचं पाकीट ब्रँडमध्ये दोनशेच्या पुढे. जनऔषधी केंद्रात तीच गोळी कितीतरी स्वस्त पडली, पण कधी असते कधी नसते. आधी फोन करा आणि चिठ्ठी न्या.

फेक्सोफेनाडिनने मला झापड येत नाही. पहिल्या सकाळी सात रस्त्यावरून जाताना मला सगळ्या पाट्या वाचता येत होत्या. पण तिचा एक नखरा आहे, तो पाकिटावर ठळक लिहीत नाहीत. ती पाण्याबरोबरच घ्यायची. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर घेतली तर शरीरात कमी शोषली जाते. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं पातळ औषध घेत असाल तर तेही जवळपास नको, मध्ये दोन तास ठेवा. माझ्याकडे शेंगाची चटणी आणि कडक भाकरी रोजची, त्यामुळे ते गुलाबी औषधही वरचेवर लागतं. म्हणून वेळा ठरवून टाकल्या. सकाळी उठल्यावर गोळी पाण्याबरोबर. ॲसिडिटीचं औषध लागलंच तर दुपारनंतर.

नोव्हेंबरच्या अखेरीला 'चोंदणं' रकान्यात पहिल्यांदा शून्य आलं. मी ते हिरव्या पेनाने लिहिलं.

डिसेंबरात दोन आठवडे बिलास्टिन २० घेऊन बघितलं, कारण संध्याकाळकडे डोळ्यांची खाज परत डोकं वर काढत होती. झापड नाही, गुणही चांगला. अडचण वेळेची. खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तास, फळांचा रसही त्याच हिशेबात. साडेसहाला डबे, साडेआठला निघायचं, मध्ये चहा-बिस्किट. एक तास उपाशी राहणं जमत नव्हतं. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी हे औषध छान आहे. मी फेक्सोफेनाडिनवर परतले आणि डोळ्यांसाठी वेगळे ॲलर्जीचे थेंब मागून घेतले, तेवढ्याने भागलं.

टेस्ट करायची का, हा पुढचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, गुण आलाय, घाई नाही, पण कशाची ॲलर्जी आहे ते कळलं तर पुढच्या वर्षी आधीच तयारी करता येईल. त्वचेवरची टेस्ट करायची तर अँटिहिस्टामाइन आठवडाभर आधी बंद ठेवावी लागते, नाहीतर त्वचा प्रतिसादच देत नाही. क्लिनिकची बाई फोनवर खोदून खोदून विचारत होती: खोकल्याचं सिरप घेता का, सर्दीची गोळी, झोपेची किंवा नैराश्याची गोळी? यातल्या काहींमुळेही निकाल दबतो. नाकातला स्प्रे चालतो. तारीख मी मुद्दाम सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेनंतरची घेतली, २४ जानेवारी. यात्रेत होम मैदानावरची धूळ आणि वर गोळी बंद, हे कोण सहन करणार? यात्रेतला अक्षता सोहळा बघितला तो गोळी आणि मास्क दोन्ही लावून. १७ तारखेपासून गोळी बंद. स्प्रे चालू असल्यामुळे तो आठवडा वाटला होता तितका वाईट गेला नाही, रुमाल मात्र पुरेनात.

टेस्टला साडेतीन हजार लागले. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहितात, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब आणि त्या थेंबातून बारीक टोचणी. रक्त येत नाही. दोन थेंब पडताळणीचे: एक नुसतं मिठाचं पाणी, एक हिस्टामाइन. पहिल्याने काही उठू नये, दुसऱ्याने गांधी उठलीच पाहिजे. हिस्टामाइनने उठली नाही तर औषध अजून अंगात आहे आणि टेस्ट वाया. माझी उठली, डासासारखी खाजली आणि पंधरा मिनिटं हात न खाजवता बसायचं! समोर भिंतीवर घड्याळ होतं, मी त्याच्याकडेच बघत होते. मग पट्टीने मोजमाप. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर होकार.

माझ्याकडे गाजर गवत ७, डस्ट माइट ५, झुरळ ३. ज्वारीच्या मळणीच्या धुळीला मी सगळ्यात जास्त शिव्या घालायचे, आणि कारखान्यातल्या सुताच्या तंतूंना. सूत निकालात शून्य आलं. डॉक्टरांचं म्हणणं, धूळ नाकाला नुसती टोचते तेव्हाही शिंका येतात, ती ॲलर्जी असेलच असं नाही. उलट झुरळाचा ३ आला म्हणून तेच कारण असंही नाही. हातावरची गांधी आणि वहीतला त्रास जुळला तरच त्याला अर्थ. गाजर गवताचं जुळत होतं, गणपतीनंतर सुरू, थंडीत ओसरतं. रात्री चोंदतं ते बहुधा डस्ट माइटचं, गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांच्यासाठी अंथरूण आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या पाण्यात धुवायला सांगितलंय. सोलापुरी चादर गरम पाण्यात भिजल्यावर उचलून बघा एकदा. आता चादरी कपाटात आणि अंथरायला पातळ सुती.

ॲलर्जीची लस, म्हणजे इम्युनोथेरपी, तीही समोर ठेवली होती. तीन ते पाच वर्षं नियमित घ्यायची, खर्च बराच आणि सुरुवातीला इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. गोळी आणि स्प्रेने भागतंय तोवर नको म्हटलं. ज्यांचं भागत नाही त्यांनी जरूर विचारावं.

या सगळ्यातून घरात एक जास्तीची गोष्ट निघाली. सासूबाई अंगाच्या खाजेसाठी कितीतरी वर्षं रोज रात्री सेटिरिझिन घेत आहेत आणि त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं आहे. सेटिरिझिन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी मंद असेल तर ते अंगात साठतं आणि झापड वाढते. त्या दुपारी खुर्चीत पेंगायच्या ते आम्ही वयावर ढकलत होतो. त्यांच्या डॉक्टरांना दाखवल्यावर मात्रा निम्मी झाली. "बंदच करून टाकू का?" असं त्यांनी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "आजी, एकदम नको." मे २०२५ मध्ये एफडीएनेही हेच कळवलं: दीर्घकाळ रोज घेतलेलं सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन थांबवल्यावर काहींना काही दिवसांतच अंगभर तीव्र खाज सुटते. आता सासूबाई दुपारी टीव्हीसमोर जाग्या असतात आणि रिमोट सोडत नाहीत.

फेब्रुवारीत गोळी रोजची बंद करून लागेल तशी केली, मार्चमध्ये स्प्रेही थांबवला. या वर्षीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलंय: हंगामाच्या दोन आठवडे आधी स्प्रे सुरू, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यापासून. गोळी शिंका सुरू झाल्यावर. गवत फुलायच्या आत उपटायचं, तेही हातमोजे घालून, कारण त्वचेलाही ते चावतं. शेजारच्या प्लॉटच्या मालकांना जूनमध्ये फोन केला होता. "बघतो की ताई," म्हणाले. अजून बघतायत. जुलैच्या शेवटच्या रविवारी गल्लीतल्या आम्ही चौघी-पाचजणी जाऊन उपटून येणार आहोत, मी मास्क लावून मागच्या बाजूला.